पडद्यावरच्या रुग्णाचं घड्याळ

काचीगुडा स्टेशनजवळ, एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं आठ जणांचं ऑफिस होतं. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींसाठी आम्ही एक सॉफ्टवेअर करत होतो. पडद्यावर आयसीयूतला एक रुग्ण असायचा. मुलींनी त्याला औषध द्यायचं, रक्तदाब बघायचा, चुका करायच्या आणि शिकायचं. खरा रुग्ण सुधारायला सहा-सहा तास लागतात, वर्गात तेवढा वेळ कुठला? म्हणून त्याचा काळ आम्ही पळवत असू: आपलं एक मिनिट म्हणजे त्याचा एक तास. हा काळ चालवणारा टायमर ज्या मूळ प्रोग्रॅममध्ये होता त्याला आम्ही इंजिन म्हणायचो. ते ताईंनी लिहिलेलं होतं.

ताई पन्नाशीच्या. मलकपेठहून बसने येत. आधी बरीच वर्षं कॉलेजात गणित शिकवलेलं, मग या कामात शिरलेल्या. बाकीचे त्यांना मॅडम म्हणत. मी बरकतपुऱ्यातल्या मराठी घरातली, म्हणून माझ्या त्या ताई झाल्या.

एका सकाळी नर्सिंग कॉलेजच्या एक प्राध्यापिका ते पाहायला आल्या. साध्या वेगात सगळं सुरळीत चाललं. मग काळ पळवला आणि रक्तदाब वाढवणारं औषध वेळेवर सुरू असूनही तो घसरत गेला, शेवटी पडद्यावर सरळ रेघ आली, म्हणजे रुग्ण दगावला. प्राध्यापिका शांतपणे म्हणाल्या, "हे बघून माझ्या मुली औषधावरचाच विश्वास गमावतील." आठ दिवसांनी परत येते म्हणून त्या गेल्या.

ऑफिसात एकच गलका. औषधाचं गणित चुकलं, असं सगळ्यांचं मत पडलं. दुसऱ्या दिवशी ताईंनी मात्र साध्या वेगात रुग्ण सुरू केला आणि दर मिनिटाला रक्तदाब वहीत लिहीत बसल्या. आम्ही हसलो. संगणक हे सगळं आपणहून नोंदवतो, मग वही कशाला?

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी रुग्ण थांबवून ठेवला. डबे आटोपून आम्ही परत आलो, त्यांनी काळ पुन्हा सुरू केला आणि रक्तदाब एकदम वर उसळला. ताईंनी वही पुढे सरकवली.

"थांबवलं तर जास्त औषध. पळवलं तर कमी. काय वाटतंय तुला?"

मी लगेच माझा प्रोग्रॅम उघडला. रुग्णाला औषध देणाऱ्या पंपाचा भाग मी लिहिला होता. रुग्णाचं शरीर ताईंच्या टायमरवर चालत होतं, पण माझा पंप वेळ विचारत होता तो संगणकाच्या खऱ्या घड्याळाला. आम्ही भाजीपोळी खात होतो तेव्हा थांबलेल्या रुग्णाच्या अंगात औषध चालूच होतं. आणि काळ पळवला की त्याचा तास सरायचा, औषध मात्र मिनिटभराचंच पोचायचं.

"ताई, माझं चुकलं."

"हौ," त्या म्हणाल्या. "पण परेशान नको होऊ. आधी मला सांग, तुला बाहेरचं घड्याळ दिसलं कसं?"

मला प्रश्न कळला नाही.

"अगं, इंजिनात दोन घड्याळं दिसत होती. तू बाहेरचं उचललंस. ते मी उघडं ठेवलं म्हणूनच ना?"

संध्याकाळच्या बैठकीत आमच्या ऑफिसच्या साहेबांनी विचारलं, "कोणाची चूक?" मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, "इंजिनाची. म्हणजे माझी." मी मध्ये बोलू गेले, तर त्यांनी वहीवर बोट आपटून मला गप्प केलं.

पुढचे चार दिवस आम्ही दोघी शेजारी बसलो. खऱ्या घड्याळाकडे बघायची मुभा त्यांनी फक्त टायमरला ठेवली. बाकी शरीर, पंप, मॉनिटर, सगळ्यांनी वेळ त्यालाच विचारायची. त्याने सेकंद पुढे सरकवला तरच त्यांचा सेकंद सरायचा, तो थांबला की सगळं थांबायचं. वेग वाढवायचा तर तेच सेकंद भराभर मोजायचे, एकही गाळायचा नाही. माझा पंप मीच दुरुस्त करायचा, असं त्यांनी बजावलं होतं. चुकले की नुसतं "पुन्हा बघ" म्हणायच्या. इतक्या सबुरीने मला आजवर कुणी काम शिकवलं नव्हतं.

आठव्या दिवशी प्राध्यापिका सहा मुली घेऊन आल्या. पळत्या काळातही रुग्ण नीट सुधारला. मग साध्या वेगात बसलेल्या एका नव्या मुलीला औषधाची बाटली वेळेत बदलता आली नाही. ती पुटपुटली, "मॅडम, माझ्याने एवढ्या वेळात होत नाही." प्राध्यापिकांनी विचारलं, साध्यापेक्षाही हळू चालेल का? हे आमच्या यादीतच नव्हतं. साहेब म्हणणार होते, पुढच्या महिन्यात बघू. ताईंनी टायमरमधला एकच आकडा बदलला आणि रुग्णाचा काळ साध्याच्या निम्म्या वेगाने चालू लागला.

मुलगी पुन्हा बसली. यावेळी बाटली संपत आलेली तिला वेळेवर दिसली. तिने नवी लावली, मात्रा तपासली, रक्तदाब टिकला. आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो. ताई मात्र त्या मुलीच्या हातांकडे बघत होत्या, आणि ते हात घाई सोडून सावकाश चालू लागले तेव्हाच त्या मागे टेकून बसल्या.