झीज वाचणारी मावशी

माझी मावशी बुटांची झीज वाचायची. हात बघून भविष्य सांगणाऱ्यांचा तिला भयंकर राग. म्हणायची, "हाताने माणूस काय वाट्टेल ते खोटं करतो. पायाला तेवढी अक्कल नसते." धावण्याचे बूट बनवणाऱ्या एका कंपनीत तिचं टेबल होतं. वर्षभराच्या हमीच्या आत झिजलेले बूट बदलून घ्यायला तिथे येत. ते खरंच धावून झिजलेत की दगडावर घासून आणलेत, हे तिने ठरवायचं. बूट उलटा धरायचा, टाचेपासून चवड्यापर्यंत अंगठा फिरवायचा की झाला निकाल. "हे धावलेले नाहीत, चहाला गेलेत." "हा जोड दोघांनी वापरलाय, सख्खे भाऊ असणार." एकदा एका गृहस्थांना तिने फोन करून सांगितलं, की बूट मिळतील, पण आधी कंबर दाखवून या. ते चिडून, तिला खोटं पाडायलाच म्हणून डॉक्टरांकडे गेले आणि डॉक्टरांनी त्यांना महिनाभर अंथरुणावर झोपवून ठेवलं.

तेव्हा कंपनी म्हणजे पत्र्याखालच्या तीन खोल्या. मालक पूर्वी शाळेत खेळ शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांचा बूट इतका कडक, की लांब पल्ल्याचे धावणारे त्याला प्रेमाने 'दगड' म्हणायचे. पहिले चाळीस दिवस पाय सोलून घ्यायचे, मग तो असा बसायचा की दुसरा बूट नको वाटायचा. असे हौशी वेडे सगळ्या देशात मिळून दोन-तीन हजार असतील. बाकीचे लोक एकदा पाय घालून बघत आणि शिव्या देत काढत.

मावशी त्या टेबलावर पगारासाठी बसली नव्हती. तिचा एकुलता एक मुलगा, माझा दादा, या वेड्यांपैकीच. बाविसाव्या वर्षी एका सकाळी तो धावायला गेला आणि परत आलाच नाही. आदल्या दिवशी मायलेकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. "धावून पोट भरत नाही," असं ती म्हणाली होती. त्यावर तो काय म्हणाला, हे तिने कधीच कुणाला सांगितलं नाही. दादाच्या वडिलांनी, म्हणजे काकांनी, वर्षभर पोलीस चौक्यांत आणि इस्पितळांत जोडे झिजवले, आणि त्याच धसक्याने ते गेले. मावशीने वेगळा हिशेब मांडला. दादा नवे दगड घालून गेला होता. जिवंत असेल तर धावणार, धावला तर बूट झिजणार, झिजले तर बदलायला येणार. आणि बदलायचं टेबल देशात एकच. तिने मास्तरांकडून ते मागून घेतलं.

त्याची झीज तिने कुठेही ओळखली असती. लहानपणी त्याचा डावा गुडघा मोडला होता. त्यामुळे डावी टाच बाहेरच्या कडेला तिरपी झिजायची आणि उजव्या अंगठ्याखाली एक गोल चकती पडायची. चालायचाही तसाच, डावा ठाम, उजवा किंचित घासत. टक्, सर्र. त्याचा जुना जोड घरी राहिला होता, तो तिने टेबलाच्या खणात ठेवला. अकरा वर्षं रोज येणारा प्रत्येक जोड ती त्या जोडाशी मनात ताडून बघायची आणि बाजूला ठेवायची. रडताना मी तिला कधी पाहिलं नाही. माझी आई म्हणायची, "ताईला वेड लागलंय." मला तसं वाटत नव्हतं. वेडी माणसं इतकी नीटनेटकी नसतात.

तिच्याच वशिल्याने मी कंपनीत नमुन्यांच्या खोलीत लागले. मास्तरांना म्हातारपणी सगळ्या जगाच्या पायात आपला बूट घालायची हौस आली होती. त्यांनी बूट मऊ करून पाहिला, रंगीत करून पाहिला, पण कुत्रं विचारेना. तेव्हा मी माझी अक्कल पाजळली. म्हटलं, ते पहिले चाळीस दिवस ग्राहकाच्या वतीने कुणीतरी आधीच चालून ठेवले तर? म्हणजे नवा बूट आतून जुनाच बनवायचा, पायाखालची गादी, सोल, सगळं एखाद्या उत्तम मुरलेल्या बुटावरून बेतायचं. मास्तर म्हणाले, "असा बूट आण."

मी मावशीकडे गेले आणि विचारलं, "तू पाहिलेला सगळ्यात छान झिजलेला जोड कोणता गं?" उत्तर मला माहीत होतं. हे मी आज लपवत नाही. मावशीचा चेहरा असा उजळला की मला मान खाली घालावी लागली. अकरा वर्षांत तिच्या मुलाचं कौतुक कुणी केलं नव्हतं. तिने खण उघडला. "चार दिवसांत परत दे," म्हणाली.

बुटाच्या आतला आकार घ्यायला तो उभा चिरावा लागला. मी तिला सांगितलं, कपाटात नीट ठेवलाय.

त्या आकारावरून साचे झाले. इंजिनिअरांनी डाव्या-उजव्याचा तिरपेपणा काढून एकदा सरळ करून पाहिलं, तर घालून बघणारा प्रत्येकजण म्हणाला, काहीतरी गेलं यातून. मग तिरपेपणा तसाच ठेवला. बूट दुकानात आला आणि लोक वेडे झाले. पहिल्याच दिवशी पायाला सवयीचा वाटणारा बूट कुणाला नको? आधी धावणाऱ्यांनी घेतला, मग नर्सबाईंनी, वाहतूक पोलिसांनी, शाळेच्या बाईंनी, आणि जन्मात कधी न धावलेल्या कारकुनांनी. दोन वर्षांत पत्र्याच्या खोल्या जाऊन सात मजली इमारत झाली. मला काचेची केबिन मिळाली आणि मी सगळ्यांशी शहाणपणाने बोलायला लागले.

नवा बूट येऊन पाच महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. मावशीने मला तिच्या टेबलाशी बोलावलं. टेबलावर नऊ नंबरचा जोड उलटा ठेवलेला. डावी टाच बाहेरून तिरपी, उजव्या अंगठ्याखाली चकती. दादाचा नंबरही नऊच. मावशी जोडाबरोबर आलेल्या चिठ्ठीवरच्या पत्त्यावर बोट ठेवून बसली होती. जोड आमच्या नव्या बुटाचा होता, आणि तो असा का झिजला ते मला लगेच कळलं होतं. तरी मी तिच्याबरोबर बसने सात तास त्या गावाला गेले. सांगायची हिंमत झाली नाही.

आम्ही दारासमोर उभ्या होतो आणि मागून पावलं आली. टक्, सर्र. मावशीने माझं मनगट धरलं, पण ती वळली नाही. वळली तेव्हा समोर एक टक्कल पडलेले पन्नाशीचे ड्रायव्हर होते, पायात आमचाच दुसरा जोड. ते म्हणाले, "कोण पाहिजे?" उंबऱ्याशी त्यांनी बूट काढले आणि अनवाणी आत गेले, तेव्हा त्यांची चाल साधी होती, कुणाचीही असते तशी. मावशी त्यांच्या पायांकडे बघत राहिली.

परतीच्या बसमध्ये तिने विचारलं, "तो जोड कुठाय?" मी खरं सांगितलं. तिने खिडकीची काच ओढून घेतली. मग म्हणाली, "तू नाही नेलास. मीच काढून दिला."

त्यानंतर पोत्यांनी बूट येऊ लागले. चार नंबरचे, सहा नंबरचे, शाळेच्या पोरींचे, म्हाताऱ्यांचे, आणि प्रत्येकावर तीच तिरपी टाच, तीच चकती. एकदा मी केबिनमधून खाली पाहिलं, तर ती दोनशे बुटांच्या मध्ये हात मांडीवर ठेवून बसली होती. साचा बदला म्हणून ती मास्तरांकडे गेली. मास्तरांनी तिला खुर्ची दिली आणि म्हणाले, "बाई, लोकांना आता दुसरं चालताच येत नाही."

घरीही तेच. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. सुरुवातीला जिन्यावर टक्, सर्र वाजलं की ती हातातलं टाकून दार उघडायची. पोस्टमन असायचा, नाहीतर वरची कॉलेजची मुलगी. दिवसातून तीस-चाळीस वेळा. शेजारी हसायचे, मग हसायचेही थांबले. वर्षभराने मावशीने उठणं सोडून दिलं.

गेल्या रविवारी दुपारी मी तिच्याकडे होते. आम्ही चादरींच्या घड्या घालत होतो, दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. जिन्यावर पावलं आली, टक्, सर्र. तिसऱ्या मजल्यावर आली, दाराशी थांबली. बराच वेळ काहीच झालं नाही.

"कुणीतरी आहे वाटतं," मी म्हटलं.

"असू दे. काम असेल तर वाजवेल," मावशी म्हणाली. "टोक नीट धर."

पावलं खाली गेली. आम्ही चार चादरींच्या घड्या घातल्या.

निघताना तळमजल्यावरच्या शिंप्याने मला हटकलं. "मावशी घरी आहेत ना हो? मघाशी एकजण आलेला. बारीकसा, दाढी पिकलेली. विचारत होता, तिसऱ्या मजल्यावरच्या बाई अजून इथेच असतात का. वर जाऊन आला आणि म्हणाला, नसाव्यात. मी म्हटलं, अहो आहेत, पण तो थांबलाच नाही."

"पायात काय होतं?" मी विचारलं.

"साध्या रबरी चपला. हल्ली असं कुणी दिसत नाही ना, म्हणून लक्ष गेलं."

मी रस्त्यावर धावले. रविवारची गर्दी होती. टक्, सर्र, टक्, सर्र, पुढून, मागून, दोन्ही फुटपाथांवर, आणि त्यातच माझीही पावलं. कान देऊन काय ऐकायचं होतं मला? कोपऱ्यापर्यंत जाऊन मी परत फिरले.

तीन जिने चढून दार ठोठावलं आणि मावशीला सगळं सांगितलं, चपलांसकट. ती चादरींच्या ढिगाशेजारी खाली बसली.

"पण त्याने दार तरी वाजवायचं की नाही?" मी म्हटलं. मला त्याचा राग आला होता, स्वतःचा येऊ नये म्हणून.

"तो दार वाजवत नाही," मावशी म्हणाली. "पावलं ऐकून मीच उघडते, हे त्याला माहीत आहे."