घाम न येणारा पाइप

पाइपला घाम येत नव्हता. उस्तादांना एवढंच दिसत होतं, आणि तेवढ्यावर ते गॅसचा सिलिंडर उघडून बसले होते.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि साल दुष्काळाचं होतं. दवाखान्यातल्या ऑपरेशन थिएटरचा एसी बघायला उस्ताद आणि त्यांच्या हाताखालचा मी, असे आम्ही दोघं नांदेडहून आलो होतो. आत एक बाई अडली होती. एसी मेला तर तिला सोलापूरला हलवायचं, आणि वाटेत ती टिकेल असं कुणी छातीठोक सांगत नव्हतं.

उस्तादांचा नियम एकच. आतून कॉम्प्रेसरकडं परत येणाऱ्या पाइपला घाम फुटेपर्यंत गॅस सोडायचा. गोदाकाठी तो चालून गेला. पण घाम यायला हवेत पाणी लागतं की हो! लातुरात तेव्हा ते माठातही नव्हतं.

मी थर्मामीटरला फडकं गुंडाळलं. आयाबाईंनी आपल्या तांब्यातलं घोटभर पाणी त्यावर ओतलं.

"प्यायला न्हाई आन् तू फडकी भिजवून राहिलास, लेका?" उस्ताद खवळले.

हवा कोरडी असली की पाणी झपाट्यानं उडतं आणि फडकं गार पडतं. पारा लई खाली उतरला. म्हणजे खोली पार कोरडी. आतल्या कॉइलमध्ये गॅस उकळतो आणि उकळून झाल्यावर आणखी थोडा तापतो, ती वरची ऊब म्हणजे सुपरहीट. ती किती हवी हे हवा ठरवते. खोली दमट असली तर जास्त. खोली कोरडी आणि बाहेर असलं रणरणतं ऊन, तर जवळजवळ शून्य. गेज आणि पाइपचं तापमान बघितलं, तर आमची तिथंच येऊन टेकली होती. आता आणखी गॅस म्हणजे न उकळलेला द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये, आणि त्याचा खुळखुळा.

सगळं कळत होतं, तरी माझं तोंड उघडेना. ज्यानं हातात पाना दिला, त्याला चारचौघांत चूक कसं म्हणायचं? तेवढ्यात कॉम्प्रेसर टकटक वाजायला लागला.

"बंद करा, उस्ताद! गॅस पुरा हाय!" मी ओरडलोच.

डॉक्टर, सिस्टर, सगळे बघत राहिले. उस्तादांनी व्हॉल्व्ह फिरवला. जास्तीचा गॅस काढला. एसीची बाहेरची जाळी बघितली तर धुळीनं गच्च, खरा आजार तिथं होता. धुवायला पाणी कुठलं, ब्रशनंच झाडली. मशीन गार हवा फेकायला लागलं. तासाभरानं आत पोरगी रडली आणि बाहेर मीही रडलो, त्यात लाज कसली.

नांदेडला माझ्या फाट्यावर एसटी थांबली. बारा वर्षं मला "ऊठ लेका" म्हणणारे उस्ताद खिडकीकडं बघत म्हणाले, "उतरा मिस्त्री. तुमचा स्टॉप आला."