रेवतीच्या नावावरची वजावट

हवालदार गुणवंत खाडे हा दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणारा माणूस, पण चांगल्या अर्थानं. कुणाच्या गॅसचं बुकिंग अडलं, कुणाच्या पोराचा शाळेतला दाखला राहिला, कुणाला गावी जायचं तिकीट मिळेना, की गुणवंत हजर. दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या त्या फॅमिली क्वार्टर्समध्ये सातारा-सांगलीकडची बरीच घरं होती आणि त्या सगळ्यांचा तो 'मेजर'. आपल्याकडे फौजेतला कुठलाही माणूस मेजरच असतो म्हणा, पण याला तो मान जरा जास्तच गोड लागायचा.

त्या मानापायीच मागच्या वर्षी त्यानं यतीनला शोधून काढलं. जुलै आला की फौजी माणसाची नुसती तारांबळ. ऑफिसातून पगाराचा अन् कापलेल्या कराचा फॉर्म सोळा मिळतो, त्यातलं इंग्रजी वाचताना घाम फुटतो, आणि रिटर्न भरायची शेवटची तारीख मानगुटीवर बसलेली. हा यतीन गुरुग्राममध्ये एका जिन्याखालच्या गाळ्यात बसायचा. बाहेर पाटी, 'टॅक्स सल्लागार'. कसला सल्लागार अन् काय! पण तो निघाला मिरजेचा. परक्या मुलखात कुणी "बोला दादा, गाव कुठलं?" असं मराठीत विचारलं की आपला माणूस अर्धा विरघळतो, गुणवंत पुरताच विरघळला. किती शिकलास हे विचारलं नाही, काय भरतोयस हे पाहिलं नाही. आयकराच्या साइटचा स्वतःचा पासवर्ड दिला तो दिलाच, वर आपल्या फौजी कंपनीतल्या अकरा पोरांचे कागद गोळा करून हाच घेऊन गेला. यतीननं घरच्यांची आधार कार्डंही मागितली. "फॉर्मला लागतात," म्हणाला. यानं तीही दिली. दीड महिन्यात कापलेला सगळा कर ज्याच्या त्याच्या खात्यात परत! गुणवंतचे तेवीस हजार चारशे आले. यतीननं शेकडा दहा घेतले. "मेजर, तुम्ही देवमाणूस," पोरं म्हणाली. गुणवंतच्या बायकोनं, अक्षतानं, त्या पैशांत कूलर आणला.

यंदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात मोबाईलवर आयकर खात्याचा मेसेज आला. मागच्या रिटर्नमधल्या वजावटी तपासा, चुकल्या असतील तर सुधारून भरा. गुणवंतनं तो तीनदा वाचला. यतीनचा फोन लागेना. मग त्यानं जुनं रिटर्न कसंबसं उघडलं आणि रेवतीला हाक मारली. रेवती त्याची मुलगी, चौथीतली. दिल्लीत वाढलेली, त्यामुळे मराठी जेमतेम आणि इंग्रजी फाडफाड.

"वाच बरं बाळा, काय काय लिहिलंय ते."

रेवती मोठ्यानं वाचत सुटली आणि एका ओळीवर थांबली. "पप्पा, डिपेंडंट विथ डिसेबिलिटी, सेवंटी फाइव्ह थाउजंड. पुढे डॉटर लिहिलंय. डॉटर म्हणजे मीच ना?"

"हं."

"मग मला काय झालंय?"

काय सांगणार कप्पाळ! सकाळीच ही पोरगी शाळेच्या मैदानाला चार फेऱ्या मारून आली होती.

स्वयंपाकघरातून अक्षता पिठाच्या हातांनीच बाहेर आली. "काय लिहिलंय? माझ्या धडधाकट पोरीला अपंग लिहिलंत? पैशांसाठी?"

"मी नाही गं, त्या यतीननं लिहिलं."

"आधार कार्ड कुणी नेऊन दिलं?"

अक्षतानं तरातरा जाऊन कूलर बंद केला. त्या उकाड्यात तो पुन्हा लावायची कुणाची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी यतीन एकदाचा फोनवर सापडला. "दादा, टेन्शन कशाला घेता? सगळेच दाखवतात यार. एवढ्या लोकांत तुमचंच कोण बघतंय?"

"आणि पोरांच्या फॉर्ममध्ये काय लिहिलंयस?"

"तेच. कुणाची आई, कुणाचा भाऊ. ज्याचं आधार कार्ड मिळालं तो अपंग."

गुणवंतनं त्याला अस्सल माणदेशी शिव्या दिल्या, पण अर्ध्या शिव्या ऐकायला पलीकडे कुणी नव्हतंच. त्यानंतर तो फोन बंद झाला तो झालाच.

आता खरी गोम पुढे आहे. गुणवंतची नोकरी बावीस वर्षांची, रेकॉर्डवर एक डाग नाही, आणि पुढच्याच महिन्यात नायब सुभेदारीच्या बढतीसाठी त्याचं नाव वर जायचं होतं. गावी आईनं शेजारणींना सांगूनसुद्धा टाकलं होतं. सुधारित रिटर्न भरायचं, वाचलेला कर, व्याज आणि वर दंडासारखी थोडी रक्कम टाकायची, की याच्यापुरतं प्रकरण मिटत होतं. चिडीचूप. पण त्या अकरा जणांचं काय? त्यांना सांगायचं म्हणजे चारचौघांत सांगायचं, आणि चारचौघांतलं कंपनीच्या सुभेदार साहेबांच्या कानावर जाणारच. मग कसली नायब सुभेदारी!

दोन दिवस त्याच्या जिवाला चैन नव्हती. पॉलिश केलेले बूट पुन्हा पॉलिश केले. न गळणारा नळ उघडून बसला आणि मग तो खरंच गळायला लागला. "मेजर, हा मेसेज कसला आलाय?" असं पोरं विचारत, आणि हा "बघतो, बघतो" म्हणत दुसऱ्या वाटेनं सटके. घरी अक्षता कामापुरतं बोलत होती. रेवतीकडे तर त्याला बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सदर बाजाराच्या तोंडाशी त्याला अविनाशनं गाठलं. अविनाश त्याच्याच कंपनीत नाईकाच्या हुद्द्यावर, पण यतीनकडे न गेलेला. आपलं रिटर्न आपण भरणारा. त्याचा मुलगा राजवीर अकरा वर्षांचा, जन्मापासून पायांत बळ नाही. अविनाशच्या बगलेत एक्स-रे कोंबलेली जाडजूड फाइल होती.

"मेजर, बरं झालं भेटलात. तुम्हाला टॅक्समधलं कळतं. राजवीरच्या सर्टिफिकेटची मुदत संपलीय. नव्यासाठी दोन फेऱ्या झाल्या, डॉक्टरांच्या बोर्डाची तारीख मिळत नाही. उद्या परत जातोय. नवं सर्टिफिकेट हातात नसेल तर ती अपंगत्वाची वजावट लावायची नाही ना? उगाच खोटं व्हायला नको."

"नको लावूस," गुणवंत म्हणाला.

"बिल्कुल. मलाही तेच वाटलं." अविनाश फाइल सावरत निघून गेला.

गुणवंत किती वेळ भर उन्हात उभा होता कोण जाणे. लाज लाज म्हणतात ती त्याला त्या दिवशी कळली. घरी येऊन त्यानं अक्षताला एवढंच सांगितलं, "उद्या सगळ्यांसमोर बोलतो. नाव वर गेलं तर गेलं, नाही तर नाही." तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या हजेरीला, रोल कॉलला, त्यानं बोलायची परवानगी मागितली आणि सगळं सांगून टाकलं. आपण काय केलं, कुणाकुणाचे कागद नेले, आता काय भरावं लागेल. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "माझी आई अजून रानात खुरपायला जाते हो!" दुसऱ्यानं सरळ शिवी घातली. ती गुणवंतनं ऐकून घेतली.

सुभेदार साहेबांनी त्याला बाजूला घेतलं. "खाडे, हे लेखी द्यावं लागेल. लेखी दिलंस की यंदा तुझं नाव थांबणार. विचार केलायस?"

"केलाय साहेब."

त्यानं तिथंच बसून लिहून दिलं. मग आठवलं, की रांगेत अविनाश नव्हता. तो हॉस्पिटलात गेला होता. उद्या त्याला हे दुसऱ्याच्या तोंडून कळणार. तो तसाच त्याच्या क्वार्टरकडे गेला. तिसरा मजला. अविनाश नुकताच परतला होता, या फेरीतही तारीख न मिळता, शर्ट पाठीला चिकटलेला. दारातच गुणवंतनं बोलायला सुरुवात केली, आणि अविनाशनं त्याला आत बसवून शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"किती मिळाले?" अविनाशनं विचारलं.

"तेवीस हजार चारशे."

"अच्छा." त्यानं राजवीरची फाइल उचलून कपाटावर ठेवली. मग म्हणाला, "आता त्यातून रेवतीचं नाव निघेल?"

"निघेल. पैसे भरले, फॉर्म भरला की निघतं. दोन दिवसांचं काम."

आतल्या खोलीत राजवीर टीव्हीवर मॅच बघत होता. अविनाशनं एकदा तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"दोन दिवसांत निघतं? मग फारच चांगलं, मेजर."

ते तो मनापासून म्हणाला. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या, तर गुणवंतला तिथून उठून तरी जाता आलं असतं.