साडूंनी पंप बदलला

स्क्रू असलेली एकही वस्तू आमच्या साडूंच्या घरात फार दिवस बंद राहिलेली नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे कराडकडचे. तरुणपणी बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले, तिथूनच निवृत्त झाले आणि जवळच्याच पाम गावात छोटंसं घर बांधून राहिले. नोकरीत त्यांनी आयुष्यभर खोकी बांधली. यंत्राला हात लावायची वेळ कधी आलीच नाही. त्यामुळेच की काय, यंत्रांवरचं त्यांचं प्रेम अजून लग्नाआधीच्या प्रेमासारखं कोवळं आहे. एकदा त्यांनी बैठकीतला पंखा दुरुस्त केला, तेव्हापासून तो उलटा फिरून सगळा वारा छताकडे पाठवू लागला. आम्ही खाली घामाघूम. साडू शांतपणे म्हणाले, "गरम हवा वरच गेलेली बरी, पावणं. खाली आणून काय करायचीय?"

वस्तू उघडायची त्यांची एक रीत आहे. आधी अंगणात जुनी चादर अंथरायची. मग निघेल तो भाग साबणाच्या पाण्यात धुऊन, फडक्याने पुसून, कुरडया वाळत घालाव्यात तसा चादरीवर ओळीने मांडायचा. त्या चादरीजवळ कुणी शिंकलेलंही त्यांना खपत नाही. मेकॅनिक या जमातीवर त्यांचा मुळीच विश्वास नाही. बोईसरमधल्या एका मेकॅनिकने, कुणी काहीही विचारलं तरी "हो जाएगा" एवढंच म्हणायचं व्रत घेतलं होतं, त्याच्याकडून परत आल्यावर साडूंनी जाहीर केलं, "हो जाएगा म्हणणाऱ्या माणसाकडं मी केससुद्धा कापून घेणार न्हाय."

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी जीप घेतली. तिचा रंग कोणता हे पाहणाऱ्याच्या श्रद्धेवर अवलंबून होतं. पण ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, ती मनापासून आवडायची. "उंचावर बसलं की कुंपणापलीकडचंही दिसतं," असं त्या म्हणायच्या.

त्या वर्षी ताई आजारी पडल्या. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, नंतरचे कितीतरी दिवस त्या खिडकीजवळच्या पलंगावरच होत्या. पुढच्या उपचारांसाठी सोमवारी त्यांना मुंबईला दाखल करायचं ठरलं. आठवडाभर आधी साडूंनी सहज विचारलं, "जायच्या आधी काय खाऊ वाटतंय का?" ताई म्हणाल्या, "खायला नको काही. एकदा एडवणचा समुद्र दाखवून आणा." त्याही कराडकडच्याच; लग्नानंतर पहिल्यांदा समुद्र पाहिला होता तो तिथंच. डॉक्टरांनीही, सांभाळून न्या म्हणून परवानगी दिली. रविवार ठरला.

आणि शुक्रवारी जीपखाली पाण्याचं थारोळं दिसलं. इंजिन सुरू केलं की पुढून कुरकुर ऐकू यायची आणि काटा बघता बघता लाल रेघेकडे धावायचा. साडूंनी बॉनेट उघडून बराच वेळ आत कान लावला आणि बाहेर येऊन निदान सांगितलं, "ताप हाय. वॉटर पंप गेलाय." इंजिनातून पाणी फिरवणारा हा पंप गेला की इंजिन तापून बसतं, एवढं मलाही कळत होतं. मी पालघरहून फोनवर म्हटलं, "माझी गाडी घेऊन येतो ना रविवारी." पलीकडून उत्तर आलं, "तुम्ही या. पण गाडी न्हाय, हात घेऊन या."

शनिवारी सकाळी मी आणि माझी बायको पामला पोचलो, तेव्हा जीप ताईंच्या खिडकीसमोर तोंड करून उभी होती. चादर अंथरलेली. नवा पंप त्यांनी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवला होता, आणि नव्या सुनेसारखा तो देवासमोर ठेवून त्याला कुंकूही लावलं होतं. रेडिएटरमधलं पाणी घमेल्यात काढलं, पट्टा सैल केला, पंखा उतरवला. पंपाचा एक बोल्ट मात्र गंजून असा बसला होता की साडूंनी त्याला तेल पाजलं, हातोडीने थोपटलं, शेवटी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हा आतून ताईंचा आवाज आला, "अहो, शेजारी पोरीबाळी आहेत!"

तेवढ्यात किनाऱ्यावरच्या मुरबे गावची मासेवाली मावशी टोपली घेऊन आली. ती त्यांच्याकडे नेहमी मासे द्यायची. साडूंचे काळे हात आणि उघडी जीप बघून ती थबकली.

"काय झाला वो भाऊ?"

"पाण्याचा पंप बदलतोय."

"गाडीला पन पंप लागते?" मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आमच्या नलाला पानी नाय, आन तुमच्या गाडीला पंप हाय! बरा हाय बाबा." मग ती खिडकीशी गेली, ताईंच्या हातावर हात ठेवून कितीतरी वेळ उभी राहिली आणि बोंबील तिथंच ठेवून निघून गेली.

दुपारी पंप बसला. साडूंनी रेडिएटरमध्ये पाणी ओतलं आणि माझ्याकडे विजयाने पाहिलं. त्याच क्षणी खिडकीतून ताई ओरडल्या, "अहो, गळतंय!"

नव्या पंपाच्या कडेने पाण्याची धार लागली होती. साडू पायरीवर जाऊन बसले. एरवी या माणसाकडे प्रत्येक अपयशाचं कारण तयार असतं, पण तेव्हा ते नुसते आपल्या हातांकडे बघत होते. मी जवळ बसून हळूच म्हटलं, "साडूभाऊ, गॅरेजवाल्याला बोलावू या का? उगाच कशाला हट्ट?"

"हट्ट न्हाय, पावणं," ते खाली बघतच म्हणाले. "आज गॅरेजात न्हेली असती तर दिसभर मला तिथं बसावं लागलं असतं. आन हिला सोडून जाववत न्हाय. हितं कसं, ती खिडकीतनं मला बघती, मी तिला बघतो. तिचाबी दिस जातो, माझाबी."

 मग ते उठले. पंप पुन्हा उतरवला आणि इंजिनाच्या तोंडावरून बोट फिरवलं. पाणी गळू नये म्हणून पंपाखाली घालतात त्या जुन्या पॅकिंगचा नखाएवढा तुकडा कडेला चिकटून राहिला होता. "आयुष्यभर पॅकिंग केलं," ते पुटपुटले, "आन शेवटी पॅकिंगनंच दगा दिला!" आत ताई इतक्या हसल्या की पोटावर हात धरून त्यांना आडवं व्हावं लागलं. त्या आजारात त्यांना तसं हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. तुकडा खरवडून पंप परत बसवला आणि संध्याकाळी जीप सुरू झाली. जमीन कोरडी राहिली.

ताई त्या आजारातून बऱ्या झाल्या, हे इथंच सांगून टाकतो. मुंबईचे उपचार लांबले, फार सोसावं लागलं, पण त्या घरी परतल्या. त्या रविवारी मात्र हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

एडवणला सुरूच्या सावलीत आम्ही खुर्ची टाकली. ताई समुद्राकडे बघत बसल्या, साडू वाळूत त्यांच्या पायाशी.  एकदा ताईंनी त्यांच्या कानामागचं काळं तेल पदराने पुसलं.

परत येताना ताईंना पुढच्या सीटवर झोप लागली. एरवी कोंबडीलाही हॉर्न देणारे साडू सगळा रस्ता खड्डे चुकवत, बैलगाडीच्या चालीने आले. पामला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मी उतरून ताईंचं दार उघडायला गेलो, तर साडूंनी हाताने थांबवलं. "राहू द्या," ते कुजबुजले. "उद्यापासनं हॉस्पिटलात कुठली झोप लागायची तिला."

मग ते तसेच स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. माझ्या बायकोने चहा आणला. दाराचा आवाज होईल म्हणून त्यांनी तो घेतला नाही. बंद केलेलं इंजिन निवत होतं आणि निवताना त्यातून बारीक टक् टक् येत होती. साडूंनी एकदा ताईंकडे पाहिलं, मग बॉनेटकडे, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "गप की जरा."