विहिरीत धुरपी, वर आम्ही

लूमच्या कारखान्यात कापसाची धूळ कधी साठते ते कोणालाच सांगता येत नाही. झाडून घ्या, मागे वळून बघा, पुन्हा आहेच. आमच्या गेमच्या किश्श्यांचं तसंच झालंय. गेम कधी धड चालला नाही. किस्से मात्र अजून चालू आहेत.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही तिघं भिवंडीच्या एकाच कॉलेजात बी.एस्सी.ला: नारपोलीचा रफिक, शेलारची नंदा आणि मी. रफिकच्या अब्बांनी लूमच्या हिशेबासाठी कॉम्प्युटर घेतला होता आणि कारखान्याच्या माळ्यावरच्या ऑफिसात ठेवला होता. हिशेब ते तोंडीच करत. त्यामुळे कॉम्प्युटर मोकळा, आणि आम्हीही मोकळे.

लहानपणी आम्ही तिघंही एकच बालमासिक वाचायचो. त्यात मिठागरावरच्या धुरपी नावाच्या मुलीची गोष्ट दर महिन्याला यायची. पडका किल्ला, किल्ल्यात समंध, वगैरे. एका अंकात धुरपी किल्ल्यातल्या विहिरीत पडली आणि खालून ओरडली, 'वर कोन हाय का?' त्याखाली छापलेलं 'क्रमशः'. पुढच्या महिन्यात मासिकच बंद पडलं. तेव्हा मी सातवीत होतो. कॉलेजात आलो तरी ती पोर विहिरीतच!

गोष्ट लिहिणारे केणे सर अंबाडीला राहायचे. निवृत्त शिक्षक. नंदाने एकदा त्यांना नाक्यावर भाजी घेताना गाठून विचारलं, "सर, धुरपीचं पुढे काय झालं?" ते म्हणाले, "मासिक संपलं, गोष्ट संपली." आणि वांगी निवडायला लागले.

मला हे मान्यच नव्हतं. मग आम्ही ठरवलं की धुरपीला शोधायला निघालेल्या माणसाचा गेम करायचा. खेळणारा म्हणजेच तो माणूस. गावात चौकशी करायची, दोर विकत घ्यायचा, समंधाला ओलांडून विहिरीपाशी पोचायचं. त्यापुढचं आम्हालाही माहीत नव्हतं. म्हणूनच केणे सरांना खेळायला बसवायचं, विहिरीच्या काठावर आणायचं, मग बघू कसे बोलत नाहीत ते.

"असा गेम मराठीत कोणी केला नसेल," मी म्हणालो.

रफिक म्हणाला, "आपणपण अजून केला नाही."

*

गावकऱ्यांचे संवाद नंदाकडे होते. मराठी आम्ही इंग्रजी अक्षरांत टाइप करायचो. पहिल्यांदा खेळून बघितलं, तर मी पाटलाला विचारलं, धुरपी कुठे गेली? उत्तर आलं, 'माला काय म्हाईत न्हाय.' कोळणीला विचारलं. 'माला काय म्हाईत न्हाय.' देवळातल्या पुजाऱ्यालाही माहीत नव्हतं. अख्ख्या गावाला एकच वाक्य येत होतं.

मी चिडलो. "नंदा, तू एकच संवाद लिहून सगळ्यांना चिकटवलायस."

"मग? आमच्या शेलारात ये आणि कोणाच्या पोरीची चौकशी करून बघ," नंदा म्हणाली. "दुसरं उत्तर मिळालं तर मी नवीन लिहीन."

*

त्या कॉम्प्युटरवर एक टर्बोचं बटण होतं. ते दाबलं की मशीनचा वेग वाढायचा. आमच्या गेमला हे माहीत नव्हतं. किल्ल्याच्या दारात एक पहारेकरी इकडून तिकडे फेऱ्या मारायचा. त्याची पाठ वळली की आत सटकायचं, अशी योजना होती.

एकदा अब्बा वर आले. पोरं काय करतात ते बघता बघता त्यांनी सहज ते बटण दाबलं. पहारेकरी लूमच्या धोट्यासारखा सुटला. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. पाठ कधी आणि तोंड कधी, काही कळेना.

अब्बा बराच वेळ कौतुकाने बघत राहिले. मग रफिकला म्हणाले, "ह्याला नाइट शिफ्टला खाली पाठव. चार लूम एकटा बघंल."

*

समंध माझ्याकडे होता. गेममध्ये मारामारी असता कामा नये, अशी माझी अट होती. जगात आहे तेवढी हिंसा पुरे. माणूस विचाराने बदलतो, तर समंध का बदलणार नाही? म्हणून समंध समोर आला की पडद्यावर दोनच पर्याय यायचे. एक, समजावून सांगा. दोन, पुन्हा समजावून सांगा.

समंधाला काही पटकन पटायचं नाही. पटलं असतं तर ते मला खरं वाटलं नसतं.

खाली एक उत्तर प्रदेशचा फिटर होता, यादवभाई. त्यांना आम्ही खेळायला बसवलं. त्यांनी बिचाऱ्यांनी समजावलं, पुन्हा समजावलं, परत पुन्हा समजावलं. समंध ढिम्म. शेवटी ते उठले, खांद्यावरचा गमछा झटकला आणि मला म्हणाले, "भैया, इसको बोलो हमको खा ले. ड्युटी का टाइम हो गया."

*

दुकान आणि दोर रफिकने केला. विहीर मी केली. विहीर चाळीस हात खोल, कारण विहीर हातातच मोजतात. दोर वीस मीटरचा, कारण रफिकच्या घरात जगातली प्रत्येक गोष्ट मीटरवर. हात म्हणजे अर्ध्या मीटरहूनही कमी, तेव्हा प्रत्यक्षात दोर पुरून उरला असता. कॉम्प्युटरला मात्र फक्त आकडे दिसत होते. वीस मोठे की चाळीस? झालं. तपासताना आम्ही समंध काढून ठेवायचो; खेळणारा काठावर आला, दोर सोडला, की पडद्यावर 'दोर आखूड आहे'.

चूक कोणाची, यावर आम्ही एवढे भांडलो की दोघांनीही ती आपापली सुधारली. मी विहीर मीटरात केली आणि रफिकने दोर हातात. आता दोर विहिरीच्या दुप्पट लांब. सोडला की तळाला पोचून वेटोळी व्हायची, आणि गेम तिथेच अडकायचा.

नंदा म्हणाली, "तुम्ही दोघं धुरपीला वर काढताय की पुरताय?"

*

शेवटी नंदाने केणे सरांना तयार केलं. "तुमच्या धुरपीवर गेम केलाय" म्हटल्यावर ते जरा गंभीर झाले. "तिला तुम्ही काय केलंत, ते बघायला येतो," म्हणाले.

शुक्रवार ठरवला. भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी. एरवी खाली लूम चालू असले की आमची लाइट कधी डोळा मिटेल याचा नेम नसायचा. शुक्रवारी दिवा कसा न थरथरता जळायचा.

सर आले. पांढरा सदरा, हातात छत्री. अब्बांनी त्यांना स्वतःची खुर्ची दिली. सरांनी पाटलाला विचारलं, कोळणीला विचारलं, 'म्हाईत न्हाय' वाचून हसले. माझ्या जीवात जीव आला. मग ते दोर घ्यायला दुकानात गेले. पडद्यावर आलं, 'आज शुक्रवार. दुकान बंद. उद्या या.'

मी रफिककडे बघितलं. रफिकने छताकडे बघितलं.

झालं असं होतं की त्याच आठवड्यात मी दोघांना भाषण दिलं होतं: गेममध्ये आपल्या मातीतलं खरं जीवन दिसलं पाहिजे. रफिकने ते मनावर घेतलं होतं. त्याचं दुकान आता कॉम्प्युटरला वार विचारून उघडायचं.

"सर, एक मिनिट. आत्ता तारीख बदलतो," रफिक पुढे झाला.

सरांनी त्याचा हात धरला. "कशाला? एकच दिवस सुट्टी मिळते त्या दुकानदाराला. मी उद्या येतो." छत्री उचलली आणि गेले.

ते जिना उतरेपर्यंत मी कसाबसा गप्प बसलो. "तुला शुक्रवारच मिळाला होता?"

"तूच बोलला ना, खरं जीवन पाहिजे," रफिक म्हणाला. "खरं जीवन शुक्रवारी बंद असतं."

*

सर परत येतील असं मला वाटलं नव्हतं. शनिवारी सकाळी आम्ही पोचलो, तर ते जिन्याच्या पायरीवर बसलेले.

खाली लूम जोरात चालू होते. माळ्याची फळीन् फळी हलत होती. सरांनी दुकान गाठलं, दोर घेतला. टर्बोवर नंदाने हात ठेवला होता, म्हणून पहारेकरी शहाण्यासारखा चालला. मग समंध आला. सरांनी समजावलं. पुन्हा समजावलं. पुन्हा. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "असू दे. जन्मभर हेच केलंय." आणि समंध चक्क बाजूला झाला! आमच्यापैकी कोणीही त्याला तोवर हललेला पाहिला नव्हता.

विहीर आली. सरांनी चष्मा पुसला. दोर सोडला.

आणि लाइट गेली.

पडदा काळा. पंखा थांबला. खालचे सगळे लूम एकदम गप्प झाले. एवढी शांतता त्या माळ्यावर मी शुक्रवारीही ऐकली नव्हती. गेम गेला, सर आता उठणार, धुरपी कायमची गेली, असं माझ्या मनात आलं.

सर उठले नाहीत. काळ्या पडद्याकडे थोडे वाकले.

"धुरपे," ते म्हणाले, "हायस का गो खाली?"

रफिक माझ्याकडे बघायला लागला. मी नंदाकडे. नंदा सरांच्या खुर्चीमागे उभी होती. तिने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"हाय," ती म्हणाली. "दोर आखूड हाय."

सरांनी मागे वळून बघितलं नाही.

"मग घाबरू नको," ते पडद्याला म्हणाले. "उजव्या हाताला कोनाडा हाय बघ. त्यात पाय दे."