दोन उन्हाळे खाल्लेली नळी

वानखडे मास्तर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आर्णीबाहेरच्या एका खेड्यात बाळंतिणीजवळ होतो. शाळेचा शिपाई सायकल हाणत आला आणि दारातच बसला. "मास्तर फळ्यापाशी पडले. उठलेच नाई." मी पोहोचलो तेव्हा मनगट धरण्यात काही अर्थ नव्हता, तरी धरलं. मेंदूत रक्तस्राव. वय बेचाळीस. त्याला आता पाच आठवडे झाले...

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या वर्षी मी आर्णीत दवाखाना थाटला. पहिल्याच महिन्यात हा गणिताचा मास्तर दुखणं घेऊन नव्हे, शंका घेऊन आला. "डॉक्टर, तुमी नाडी पायता म्हंजे नेमकं काय पायता?" ठोके मोजतो, म्हणालो. "ते ठीक. पण आतली नळी नरम हाय का कडक, हे कसं समजते?" मला सांगता आलं नाही. मास्तरांनी पुढची सात-आठ वर्षं त्या एका प्रश्नामागे घातली. घरामागच्या टिनाच्या खोलीत त्यांनी यंत्र उभं केलं. वर पाण्याची बादली, खाली भरला की कलंडणारा लाकडी चमचा, आणि प्रत्येक कलंडण्याबरोबर रबरी नळीत पाण्याचा एक धक्का. माणसाच्या मनगटावर, आणि तशीच त्या नळीवरही, मेणानं गवताची काडी चिकटवायची, तिचं टोक काजळी धरलेल्या कागदावर फिरवायचं, आणि उमटलेल्या रेषेवरून समीकरण मांडायचं. नळी किती ताणते, पुढची वाट किती अरुंद, आत पाणी किती. मग चिमटे आवळून, बादली वर-खाली करून यंत्राची रेषा माणसाच्या रेषेवर तंतोतंत बसवायची. तशी बसली की माणसाला न कापता त्याच्या धमनीचा कडकपणा कळला, असं मास्तरांचं म्हणणं. मी त्यांची भरपूर थट्टा केली. काजळीसाठी कंदिलाच्या काचा मात्र मीच पुरवल्या.

थट्टा थांबली ती एका बाजाराच्या दिवशी. बंजारा तांड्याचे नायक, म्हणजे मुखिया, रामजी माझे रोगी; मास्तरांनी त्यांची रेषा घेऊन यंत्र तिच्यावर बसवलं होतं. त्याच आठवड्यात रामजी वारले. यंत्र तसंच चालू राहिलं. उरलेलं औषध परत द्यायला त्यांची बायको सोनीबाई मला शोधत त्या खोलीत आली. यंत्र कशाचं, कुणाचं, आम्ही तिला काही सांगितलं नव्हतं. तिनं सहज नळीवर बोट ठेवलं, आणि ते उचलेना.

"हे तर आमच्या नायकाचं हाय," ती म्हणाली. "तीस वर्सं त्यायच्या हातावर हात ठेवून निजली मी."

मी दोन पावलं मागे सरकलो. मास्तर मात्र वहीत काहीतरी लिहीत होते. त्या दिवसापासून मी त्या खोलीत जाणं टाळू लागलो. डॉक्टर असून मी एका रबरी नळीला भ्यालो होतो, हे आज कबूल करतो.

गेल्या थंडीत मास्तर दवाखान्यात आले. चेहरा नेहमीचाच, हातात दोन काळे कागद. "डॉक्टर, माही नाडी नव्या नळीवर बसूनच नाई राह्यली. टिनाखाली दोन उन्हाळे खाल्लेली जुनी नळी हाय ना, तिच्यावर बरोबर बसते."

टिनाखालच्या उन्हानं रबर कडक होतं, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. ते काय सांगत होते तेही मला कळलं होतं. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघायला दोन मिनिटं लागली असती. पण बघितला आणि यंत्र खरं निघालं तर? मी हसलो. "काडी सरकली असेल मास्तर. ठणठणीत आहात." माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ते शाळेत गेले. हे मला जन्मभर पुरणार आहे.

परवा मी त्यांच्या घरी गेलो. मागच्या खोलीतून चमच्याचा आवाज येत होता. मास्तरांच्या पत्नी वत्सलावहिनी सकाळ-संध्याकाळ बादली भरतात. यंत्र मास्तरांच्याच नाडीवर बसलेलं, आणि जुनी नळी तशीच. मी नळीवर बोट ठेवलं. वैशाखाचं ऊन टिनातून उतरत होतं. ठोका त्यांचाच होता, पण गेल्या थंडीतला नव्हता. आता तो पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा लागत होता. पुन्हा पुन्हा पाहिलं. माझं बोट या बाबतीत चुकत नाही.

"कशे हायेत?" वहिनींनी दारातून विचारलं.

या वेळी खोटं बोलवेना. "रबर आणखी कडक झालं वहिनी. ठोका म्हातारा होतो आहे. ऊन असंच राहिलं तर पावसाळ्यापर्यंत साठीचा होईल. म्हणत असाल तर नवी नळी घालतो."

त्यांनी कोपऱ्यातली रिकामी बादली उचलली.

"नको भाऊजी. अठी, या नळीत तरी म्हातारं होऊ द्या त्यायले."

आणि बादली घेऊन त्या विहिरीकडे गेल्या.