पोटाला पाठ शिवलेला टी-शर्ट

बायकोच्या पहिल्या हाफ मॅरेथॉनसाठी मी तिच्या टी-शर्टवर नंबर शिवून दिला, आणि शिवताना टी-शर्टची पुढची बाजू मागच्या बाजूला जोडून टाकली.

हे कळलं कोळगावच्या मैदानावर, पहाटे, धावणं सुरू व्हायला थोडाच वेळ उरला असताना. पण त्याआधी बॅगेबद्दल सांगायला हवं. मूळ भानगड बॅगेची आहे.

आम्ही बोईसरला राहतो. बोईसरहून कोळगाव म्हणजे रिक्षात बसून एक विषय बोलून होईपर्यंत येतं. तरी मी बॅग अशी भरली की जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याने विचारलं, "किती दिवस चाललात?" त्यात भर म्हणजे माझी बायको औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला सुपरवायझर आहे. तिच्या नजरेखालून गेलेला खोका कुठेही उघडा, आतली बाटली हललेली नसते. अशा बाईची बॅग भरायचं काम मी हट्टाने मागून घेतलं होतं.

"भरा," ती म्हणाली. "फक्त माझ्या स्लीपर घ्या. धावून झालं की मला बूट नकोसे होतात. बाकी काय नसलं तरी चालेल."

बाकी सगळं घेतलं. टॉवेल दोन, एक भिजला तर असावा म्हणून. मोजे, जास्तीचे मोजे, पायाला लावायचं मलम, गुडघ्याला लावायचा स्प्रे, क्रेप बँडेज, खजूर, चिक्की, मीठ-साखरेची पाकिटं, थर्मामीटर.

"थर्मामीटर कशाला?" तिने विचारलं.

"असावा."

तिने बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि कामावर निघून गेली.

थर्मामीटरचं कारण तिला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी तिचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. अंगात रक्त कमी, त्यामुळे टाके भरून यायला वेळ लागला. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दवाखान्यातून आणल्यावर पुढचे कितीतरी दिवस मी तिचा हात धरून तिला चढवत-उतरवत होतो. मधल्या वळणावर ती थांबायची, भिंतीला टेकायची आणि म्हणायची, "तुमी दमलात का? थांबू या." दम तिला लागलेला असायचा.

पुढे ती बरी झाली. मी काही बरा झालो नाही. ती स्वयंपाकघरात शिंकली तरी मी बाहेरच्या खोलीतून "काय झालं?" असं विचारायचो.

चालायला लागली ती आधी बिल्डिंगभोवती, मग बाजारापर्यंत, मग एक दिवस कारखान्यातल्या दोघीतिघींच्या नादाने धावायलाच लागली. पहाटे ट्रकांची वर्दळ नसताना उमरोळीच्या रस्त्याला जायची. आमचा वॉचमन गेट उघडताना विचारायचा, "मॅडम, आज उमरोली तक?" ती नुसतं हात हलवून पुढे. एकदा मीही बरोबर निघालो. पंक्चरच्या दुकानापर्यंत चांगला होतो. तिथे पंक्चरवाल्याने स्टूल पुढे केलं आणि मी बसलो. उमरोळीपर्यंत जाऊन ती परत आली तेव्हा मी तिथेच होतो, चहा दुसरा.

मग मी स्कूटर काढली. ती पुढे धावते आहे आणि मी मागून हळूहळू येतो आहे, असं काही दिवस चाललं. एका सकाळी ती थांबली, वळून स्कूटरच्या दिव्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुमी मागे असलात की मला आजारी असल्यासारखं वाटतं. उद्यापासून घरी झोपा."

घरी झोपलो. म्हणजे डोळे मिटून तिच्या चाव्यांचा आवाज येईपर्यंत पडून राहायचो. आता या सगळ्यात शिरायला माझ्याकडे एकच दार उरलं होतं, ते म्हणजे बॅग.

त्यात दातिवऱ्याहून माझी आई आली. सून धावणार हे तिला फोनवर कळलं होतं, पण ते तिला पटलेलं दिसत नव्हतं. पायरीवर पाय ठेवायच्या आधी तिने विचारलं, "कोनाच्या मागं धावनार ती?"

"कोणाच्या मागं नाही गं. नुसतंच."

"नुसतंच?" आईने पिशवी खाली ठेवली. "मंग परत तरी येनार ना?"

पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या होत्या आणि सुकटीची चटणी. "हे पन घाल तुज्या बॅगेत," म्हणाली. मी म्हटलं, धावण्याच्या बॅगेत सुकट घातली तर सगळ्या मैदानाला कळेल. ती म्हणाली, "कळू दे की." घातली, तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून.

तर तो नंबर. छाती-पोटावर लावायच्या नंबराला बिब म्हणतात. तो कागदासारखा दिसतो, पण फाटत नाही. बरोबर चार सेफ्टी पिना देतात. त्या पिना पाहूनच माझं मन धास्तावलं. धावताना एखादी उघडली आणि टोचली तर? त्या पोटाला आधीच पुरेसं टोचून झालं होतं.

आणि शिवण्याबाबत मला थोडा गर्व आहे. माझे वडील होडीवर जायचे. मला मात्र होडी किनाऱ्यावर बांधलेली असली तरी मळमळतं. त्यांनी मला दोनदा समुद्रात नेलं, आणि दोन्ही वेळा माझ्यामुळे लवकर परतावं लागलं. तेव्हा त्यांनी अंगणात बसवून मला जाळं दुरुस्त करायला शिकवलं, आणि ते मात्र मला आलं. त्यांची एक खास गाठ होती, ओली झाली की आणखी घट्ट बसणारी. समुद्रातलं मला तेवढंच येतं. वडील गेले तेव्हा त्यांच्या नायलॉनच्या दोऱ्याचं रीळ मी बिस्किटांच्या डब्यात ठेवून बोईसरला आणलं होतं.

आदल्या दिवशी दुपारी ती कामावर होती, आई झोपली होती, टीव्हीवर मॅच चालू होती. मी टी-शर्ट मांडीवर पसरला, त्यावर बिब ठेवला, जाड सुईत दोरा ओवला आणि वडिलांची गाठ मारत मारत चारी बाजूंनी शिवत गेलो. घामाने भिजेल तशी घट्ट होईल, या विचाराने मला फार बरं वाटत होतं. सुई जरा अडखळत होती. मला वाटलं, वा, काय दणकट कापड दिलंय. शिवून झाल्यावर इस्त्री केली, घडी घातली आणि पिशवीत घालून बॅगेच्या अगदी वर ठेवला. रस्त्यात टँकरचा धूर लागायला नको म्हणून टी-शर्ट मैदानावर जाऊनच घालायचा, हेही मीच ठरवलं होतं. पिना कचऱ्यात टाकल्या.

पहाटे ओळखीच्या रिक्षाने आम्ही तिघं कोळगावला पोचलो. थंडी होती. दिवे लागले होते, माणसं जागच्या जागी उड्या मारत होती, आई शाल गुंडाळून त्यांच्याकडे बघत होती. बायको टी-शर्ट घेऊन बायकांसाठी बांधलेल्या कनातीत गेली. बराच वेळ आली नाही. मग आली ती घरातला कुर्ता घालूनच, टी-शर्ट दोन्ही हातांत धरून.

"याच्यात डोकं जातं," ती म्हणाली, "पण पुढे मी जात नाय."

मी टी-शर्ट घेतला. आत हात घातला. हात मध्ये जाऊन भिंतीला लागावा तसा थांबला.

आधी मी दाताने प्रयत्न केला. मग घराच्या किल्लीने. बॅग उलटी केली. तिच्यात मलम होतं, स्प्रे होता, थर्मामीटर होता. कात्री नव्हती. बाजूच्या दोघांनी ओढून पाहिलं, त्यातला एक म्हणाला, "काका, शिवलंय मस्त." तिकडे माईकवरून सगळ्यांना रेषेजवळ यायला सांगत होते. बिबशिवाय सोडत नव्हते आणि बिब टी-शर्टपासून सुटत नव्हता.

तेव्हा मी म्हणालो, "जाऊ दे. पुढच्या वर्षी पळ. आज तशी थंडीही जास्त आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू, आईला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "तुमाला बरं वाटलं ना? खरं सांगा."

खरं म्हणजे वाटलं होतं. एक क्षणभर, पण वाटलं होतं. ती एवढं अंतर धावणार नाही, रस्त्यात कुठे एकटी बसणार नाही, आपण आता तिघं रिक्षात बसून घरी जाऊ, चहा करू. मी मुद्दाम शिवलं नव्हतं, हे शपथेवर सांगतो. पण तिच्यासमोर ती शपथ घ्यायच्या ऐवजी मी टी-शर्टच्या गाठी चाचपत राहिलो.

"मी बरी झाले हो," ती म्हणाली. "कधीची. तुमी बघतच नाय."

आईला ऐकू जाऊ नये असं बोललेलं आईला नेहमीच ऐकू जातं. तिने पुढे येऊन माझ्या हातातला टी-शर्ट काढून घेतला, दिव्याखाली धरला आणि एका गाठीवर अंगठा फिरवला. मग दुसरीवर.

"ही त्याची गाठ हाय," ती म्हणाली.

"हो."

"तो पन असाच. एकदा माजी बाजाराची पिशवी शिवायला दिली, तर पिशवीचं तोंडच शिवून दिलं. वर मला सांगतो, आता सांडनार नाय."

बायकोला हसू आलं. इतक्या घाईत, इतक्या रागात असताना आलं. आईने कमरेची चंची सोडली आणि आतून सुपारीचा अडकित्ता काढला. मैदानात खाली बसली, टी-शर्ट मांडीवर घेतला, आणि एकेक गाठ अडकित्त्यात धरून कट, कट, कट तोडत गेली. माईकवरून उलटी मोजणी झाली, गर्दी ओरडत निघून गेली, आई मान वर न करता तोडत होती. शेवटच्या कोपऱ्याशी ती थांबली. तिथे मी चुकून बरोबर शिवलं होतं, फक्त पुढच्या कापडाला.

"ही राहू दे," ती म्हणाली, आणि अडकित्ता मिटला.

उरलेल्या कोपऱ्यांसाठी तिथल्या एका स्वयंसेवक मुलीने पिना दिल्या. बायको कनातीत पळाली आणि आलीही. रेषेवर आता कोणी नव्हतं, फक्त सतरंज्या गुंडाळणारे दोघं. आईने तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "जा पोरी. कोनाच्या मागं नको जाऊस. आपली आपन जा." मीही काहीतरी सांगणार होतो, पाणी पीत राहा किंवा असलंच काही. तेवढ्यात ती गेली होती.

पुढचा सगळा वेळ मी बॅग मांडीवर घेऊन बसलो. दोनदा उठलो, रिक्षावाल्याला घेऊन जरा मागोमाग जाऊन येऊ म्हणून. दोन्ही वेळा आईने माझ्या शर्टाचं टोक धरून खाली बसवलं. ऊन वर आलं. तरणी पोरं आली, मेडल घालून फोटो काढून गेली. पोट सुटलेले, गुडघ्याला पट्टे बांधलेले आले. मग लोक तुरळक झाले. सगळ्यांच्या शेवटी हळूहळू चालणारी ॲम्ब्युलन्स वळणावर दिसली, आणि मी उभा राहिलो.

तिच्या पुढे काही माणसं होती, आणि त्या माणसांच्याही बरीच पुढे माझी बायको होती. सगळे गेल्यावर निघालेली, म्हणजे वाटेत तिने काही जणांना मागे टाकलं होतं. तोंड लालबुंद, केस चिकटलेले. दोन पिना कुठेतरी सुटल्या होत्या. बिब एका पिनेवर आणि वडिलांच्या त्या एका गाठीवर लोंबत, फडफडत होता. रेषा ओलांडून ती आमच्यासमोर येऊन उभी राहिली. मी टॉवेल पुढे केला, खजूर पुढे केले, मीठ-साखरेचं पाकीट फोडलं. तिने आईच्या पिशवीतली भाकरी मागितली. उभ्याउभ्या सुकटीबरोबर अर्धी खाल्ली. मग वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले, आणि माझ्याकडे हात केला.

"स्लीपर द्या."

मी बॅगेत हात घातला. वरच्या कप्प्यात पाहिलं, बाजूच्या कप्प्यात पाहिलं. तिच्या स्लीपर बोईसरला, दाराच्या आत, विसरू नये म्हणून मी मुद्दाम काढून ठेवल्या होत्या तिथेच होत्या.

मीच माझ्या चपला काढून तिच्यासमोर ठेवल्या. तिने त्यात पाय घातले. होडीत बसावं तसे ते पाय त्यात दिसत होते.

रिक्षा मैदानापलीकडे लावली होती आणि मधल्या वाटेवर नवी खडी टाकलेली होती. ती माझ्या चपलांत फटक फटक करत पुढे निघाली. मी अनवाणी, खांद्यावर बॅग, हातात तिचे बूट, एकेक पाऊल जपून टाकत मागे. अर्ध्या वाटेवर ती थांबली, परत आली आणि हात पुढे केला.

"दमलात का? थांबू या?"

मी हात धरला. जिन्यात मी धरायचो तसाच, फक्त आता ओढत ती होती.

मागून आई येत होती. रिक्षावाल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "धावली ती सरळ चालते, आन् बसून व्हता तो लंगडतो."